तावाची खालची बाजू

बाइंडिंगच्या कारखान्यात एक नियम होता. तो कुणी भिंतीवर लिहून लावला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता : वाचणारा हात चुकतो. तिथं पुस्तक आधी मोठाल्या तावांच्या रूपात येई. तावाच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं छापलेली, ताव तीनदा दुमडला की झाला एक फर्मा. असे फर्मे एकावर एक जुळवायचे, शिवायचे, कडा कापायच्या. जुळवताना मजकुराकडे बघायचं नाही. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण असते, आधीच्या फर्म्याहून जरा खाली. सगळे नीट जुळले की त्या खुणांचा जिना दिसतो. पायरी चुकली तर फर्मा चुकला, इतकं सोपं.

थोरली एकोणीस वर्षं हा जिना बघत आली होती. गणिताची पुस्तकं, औषधांच्या याद्या, कुणाकुणाची आत्मचरित्रं, सगळं तिच्या हाताखालून गेलं, पण कामाच्या टेबलावर तिनं एक ओळ वाचली नाही. नेमाची पक्की होती. सकाळी अंघोळ झाली की देवाला हात जोडायचे आणि मग वहीत एक पान लिहायचं, हाही तिचा नेमच. पान भरल्याशिवाय चहा नाही. आई म्हणायची, "चहा तरी पी गं बाई, भुतं काय पळून जातायत?"

कारण थोरली भुतांच्या गोष्टी लिहायची. कारखान्यात कुणाला खरं वाटलं नसतं. मऊ बोलणारी, मुंगीला वळसा घालून जाणारी बाई, पण वहीत मात्र विहिरी, वटवाघळं, आपोआप उघडणारी दारं आणि रक्ताळलेले पंजे. आठ वह्या भरल्या होत्या. त्यातल्या तीन गोष्टी तिनं प्रकाशकबाईंना पाठवल्या, आणि तिन्ही परत आल्या. प्रकाशकबाई फटकळ, पण खोट्या नव्हत्या. तिसऱ्या गोष्टीच्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, भाषा स्वच्छ आहे, पण भीती वाटत नाही. त्या एका ओळीनं थोरलीच्या तोंडची चव आठवडाभर गेली होती.

इथवर ठीक होतं. अपयश एकट्याचं असलं की माणूस ते गिळतो. पण ती तिसरी गोष्ट परत आणायला धाकटी गेली होती.

धाकटी म्हणजे तिची पाठची बहीण. लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडे राहायची, पाच वर्षांची मुलगी होती, आणि उंची अशी की आईनं लहानपणी ठेवलेलं चिमणी हे नाव आता चेष्टेसारखं वाटे. थोरलीला त्या दिवशी सुट्टी मिळेना, म्हणून तिनं धाकटीला सांगितलं, जाता जाता माझं बाड घेऊन ये. धाकटी गेली. तिथं पंख्याखाली बसली, सरबत प्यायली, गप्पा हाकल्या. बोलता बोलता आपल्या भाड्याच्या जुन्या खोलीत कशी एकदा बोबडी वळली होती ते सांगितलं, हातवारे करून, आवाज काढून. प्रकाशकबाई म्हणाल्या, हे लिहून आणाल का? ती थोरलीचं बाड घेऊन परत आली, आणि चार महिन्यांनी तिचं पुस्तक छापायला गेलं.

आठ वर्षं चहाआधी पान लिहिलं ते थोरलीनं, आणि पुस्तक धाकटीचं.

थोरलीनं पेढा खाल्ला, पाठ थोपटली, आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत उभी राहिली. मत्सर हा फार शांत पाहुणा असतो. दार वाजवत नाही, जेवायला मागत नाही, पण एकदा आत आला की उठायचं नाव घेत नाही. तिनं देवासमोर नाक घासलं, हे माझ्या मनातून काढ म्हणाली. देवानं ऐकलं नसावं, किंवा ऐकून वेगळंच काही ठरवलं असावं. तेव्हा तिनं स्वतःच एक प्रतिज्ञा केली : धाकटीच्या पुस्तकातलं एक अक्षरही वाचायचं नाही. वाचलं तर एक तर ते वाईट निघेल आणि मला आनंद होईल, तो पापाचा. नाही तर ते चांगलं निघेल, आणि मग मी जगू कशी?

आणि पुस्तक बाइंडिंगला आलं ते तिच्याच कारखान्यात.

*

सात फर्म्यांचं पुस्तक, म्हणून तावांचे सात गठ्ठे. घडीचं यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलेलं, त्यामुळे गठ्ठे थोरलीच्या टेबलाशेजारी भिंतीला ओळीनं लावून ठेवले. कमरेइतके उंच, वरचा ताव उघडा. मोजलेल्या गठ्ठ्याला कुणी हात लावायचा नाही, हा कारखान्याचा दुसरा नियम.

पहिल्या दिवशी तिनं गठ्ठ्यांकडे पाठ करून डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला उठली, आणि उठताना डोळे पडले. डोळे पडले म्हणजे काही वाचलं असं होत नाही. तिसऱ्या दिवशी डोळे पडून तिथंच राहिले. तिनं मनाशी हिशेब घातला : मी हात लावत नाही, ताव उलटत नाही, वर दिसतं तेवढंच दिसतं. यात प्रतिज्ञा कुठं मोडली? ताकाला जाऊन भांडं लपवायची रीत नेमस्त माणसांना जास्त चांगली जमते.

तावावरची पानं क्रमानं नसतात. एकाखाली आठ, चारशेजारी तेरा, निम्मी डोक्यावर उभी. पण बाइंडिंगवाल्यांना उलटं वाचायला काही वाटत नाही. पहिल्या गठ्ठ्यावर तिला एक हे पान दिसलं, मग चार-पाच, मग आठ-नऊ, मग बारा-तेरा आणि शेवटचं सोळा. मधली दोन-दोन पानं तावाच्या खालच्या बाजूला. ती समोर नाहीत हे तिला कळत होतं. एकोणीस वर्षं हेच काम केलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको.

गोष्ट साधीच होती. एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन भाड्याच्या खोलीत राहायला येते. तेराव्या पानाच्या तळाशी ती मुलीला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी करते, डोक्यावर पट्टी धरून उंचीची रेघ मारते. आणि तिला दिसतं की चौकटीवर आणखी एक रेघ आहे, इतकी वर, की तिथं पेन्सिल टेकवायला स्टूल लागेल. तिथं पान संपलं. सोळाव्या पानावर बाई ओल्या फडक्यानं ती चौकट घासते आहे, घासतेच आहे, आणि मागून मुलगी विचारते, "आई, तो गेला का?"

थोरलीच्या हातातला घास हातातच राहिला.

संध्याकाळी घरी चालत जाताना तिच्या डोक्यात ती रेघ होती. पोळ्या लाटताना होती. रात्री डोळे मिटले तरी होती, आणि आता ती हलू लागली होती. घरच्या स्वयंपाकघराच्या दाराला तर खऱ्याच रेघा होत्या. दोघी लहान असताना थोरलीच पेन्सिल धरायची. आपली रेघ वर, धाकटीची खाली, असं कितीतरी वर्षं चाललं, आणि धाकटी बारा वर्षांची झाली त्या साली तिची रेघ वर गेली. त्यानंतर थोरलीनं पेन्सिल धरली नाही. आता पाणी भरताना ती त्या दारातून मान खाली घालून जाऊ लागली.

रोज दुपारी एकेक गठ्ठा. चौथ्या गठ्ठ्यापर्यंत ती इतकी गुंतली की शेजारच्या टेबलावरच्या काकांनी विचारलं, "काय गं, भिंतीशी लग्न लावलंस का?" काका शिलाईवाले, रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेले. तिनं हसून वेळ मारून नेली. पण आत काय चाललं होतं ते तिला ठाऊक. ही धाकटी, जिला शाळेत निबंध मी लिहून द्यायची, ही असं लिहिते? कुठं वटवाघूळ नाही, पंजा नाही, नुसती एक पेन्सिलीची रेघ, आणि माझी झोप उडावी? आठ वह्या भरून मला जे साधलं नाही ते हिला सरबत पिता पिता साधलं. देव काही माणसांना वाढताना डाव उपडा करतो, आणि काहींना नुसता डाव दाखवतो.

सातवा गठ्ठा वाचून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वही उघडली. कालचं अर्धं वाक्य तिथंच होतं : विहिरीच्या तळाशी दोन लाल डोळे. ते वाचून तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की ती पान न भरताच उठली आणि चहा प्यायली. आई बघत राहिली. थोरलीनं आठही वह्या पिशवीत घातल्या, कारखान्यात नेल्या आणि कटिंग यंत्रापाशी कातरणांच्या पोत्यात खाली दडपल्या. ते पोतं दर शनिवारी लगद्याला जाई. त्या शनिवारीही गेलं.

यंत्र दुरुस्त होऊन आलं तेव्हा तिनं मालकांना सांगून शाळेच्या वह्यांचं काम मागून घेतलं. धाकटीच्या पुस्तकाची घडी, जुळवणी, शिलाई, सगळं दुसऱ्या हातांनी झालं. पाठ फिरवूनच बसली ती. नेम सुटल्याला नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस ती चहा वेळेवर पीत होती, आणि एकदाही तो गोड लागला नाही.

*

रविवारी धाकटी आली, मुलीला घेऊन, काखेत पुस्तकांचा गठ्ठा. पहिली प्रत आईला. आईनं ती डोक्याला लावली, मग डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली की अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, थोरलीनं मोठ्यानं वाचून दाखवावं. थोरली म्हणाली तीच वाचू दे ना, लिहिणारीनं वाचावं. धाकटी खुर्चीवर मांडी घालून बसली होती, शेंगा सोलत. म्हणाली, "नको गं, मला माझं वाचताना हसू येतं. तुझा आवाज चांगला आहे, ताई. आणि तू अजून वाचलंही नाहीयेस."

आता काय करणार? आईचा शब्द प्रतिज्ञेपेक्षा वरचा. थोरलीनं पुस्तक उघडलं. पहिलं पान तिला पाठ होतं, तरी नव्यानं वाचल्यासारखं वाचलं. दोन-तीन वाचली, जरा पसरट वाटली. सहा-सातवर घरमालकाच्या मिशांचं वर्णन होतं, आई हसली. थोरली पुढची वाट बघत होती. तिला त्या दाराशी जायचं होतं. जायचं होतं आणि जायचं नव्हतं. तेरावं पान आलं. बाईनं पट्टी धरली, रेघ मारली, वरची रेघ पाहिली. थोरलीचा आवाज खाली आला. तिनं पान उलटलं.

चौदाव्या पानावर घरमालक आला. त्यानं सांगितलं की ती रेघ रंगाऱ्यानं रंगाच्या मापासाठी मारलेली. मग त्या रंगाऱ्याची लांबलचक कथा, तो कसा पडला, कसा गेला, कसा अजून अमावास्येला कुंचला घेऊन येतो. पंधराव्या पानावर स्वयंपाकघरातून उंदीर पळाला, मुलगी किंचाळली, बाईनं फडकं मारलं. सोळाव्या पानावर बाई चौकटीवरचा डाग घासत होती आणि मुलगी विचारत होती, आई, तो गेला का? म्हणजे उंदीर.

थोरली थांबली. परत तेरावर गेली. पान अंगठ्यानं चोळून पाहिलं, दोन चिकटली असतील म्हणून. मग पुस्तक मिटून तिनं कडेनं बघितलं, कण्याजवळ बोट घातलं, फर्मे मोजले. सात. बाइंडिंगवाल्याला पुस्तकात पान नसण्याइतकी मोठी नामुष्की नाही, आणि इथं तर सख्ख्या बहिणीच्या पुस्तकाची अख्खी आवृत्ती.

"चिमे," ती म्हणाली, "पानं गेलीयत. घोटाळा झालाय आमच्याकडं. मी उद्या मालकांना सांगते, अजून दुकानात गेली नसतील."

धाकटीनं शेंग खाली ठेवली. "कुठली पानं?"

"ती रेघ खाली येते ती."

"कुठली रेघ?"

मग थोरलीनं सांगितलं. पुस्तक मांडीवर उपडं होतं. तिला वाचायची गरज नव्हती, इतके दिवस ती त्यातच राहत होती. बाईला आधी वाटतं, कुणा जुन्या भाडेकरूची रेघ असेल. दुसऱ्या दिवशी ती रेघ वीतभर खाली असते. बाई म्हणते, मीच काल नीट बघितलं नसेल. तिसऱ्या दिवशी आणखी वीतभर. तिला वाटतं, कुणीतरी उंच माणूस रोज खुजा होत चाललाय. पाचव्या दिवशी ती रेघ बाईच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर येते, आणि तेव्हा तिला कळतं की कुणी खुजं होत नाहीये. कुणीतरी वाकतंय. रोज थोडं थोडं, घाई न करता, वाकत चाललंय. आणि सहाव्या दिवशी ती रेघ मुलीच्या रेघेच्या वर फक्त बोटभर उरते. म्हणून बाई फडकं घेऊन चौकट घासते. आणि मुलगी मागून विचारते.

आईचा हात पदरावर थांबला होता. धाकटीनं दोन्ही पाय वर घेतले होते आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचं टाळत, मुलगी कुठं आहे ते शोधत होती. मुलगी अंगणात खेळत होती.

"ताई," ती म्हणाली, "हे मी लिहिलेलं नाही."

थोरलीला आधी राग आला, माझी चेष्टा करते म्हणून. मग तिनं पुस्तक उचललं, पानांचे आकडे बघितले. एक, चार, पाच, आठ, नऊ. दोन-तीन पसरट. सहा-सात मिशा. दहा-अकरावर काय होतं ते तिला मगाशी वाचूनही आठवेना. वरची बाजू तिनं तावावर वाचली होती, ती सगळी इथं जशीच्या तशी होती. खालची बाजू तिनं कधी पाहिलीच नव्हती. ती पोळ्या लाटताना आली होती, पाणी भरताना आली होती, मोरीत तोंडावर पाणी मारताना आली होती. नऊ दिवस आणि त्याआधीचे कितीतरी दिवस ती जिचा हेवा करत होती, ती बाई या घरात राहत होती खरी, पण खुर्चीवर मांडी घालून बसलेली ती नव्हे.

तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं, कारण वह्या लगद्याला गेल्या होत्या. मग वाटलं, गेल्या ते बरंच झालं. त्यात नुसत्या विहिरी होत्या.

काय झालं ते तिनं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, प्रतिज्ञेसकट आणि डोळे पडल्यासकट. पोटात दुखलं तेही सांगितलं. ते सांगताना मान वर झाली नाही. आई एवढंच म्हणाली, "काखेत कळसा, दुसरं काय."

धाकटी हसली नाही. तिनं एक दाणा तोंडात टाकला, चावत राहिली, मग सहज विचारावं तसं म्हणाली, "मग तो प्रसंग मला दे ना, ताई. पुढच्या पुस्तकात घालते. बाई मागे लागल्यात दुसरं द्या म्हणून, आणि मला सुचत नाहीये काही. तू तर लिहिणं सोडलंस ना? आई सांगत होती."

फ्रॉक असेच गेले होते. दप्तर, खिडकीजवळची जागा, निबंध, सगळं असंच गेलं होतं. थोरलीनं तोंड उघडलं ते घे म्हणायलाच. घे हा शब्द तिच्या जिभेवर चाळीस वर्षांच्या सवयीनं तयार असे.

"नाही," ती म्हणाली.

आवाज नेहमीचाच, मऊ. तिलाच तो दुसऱ्या कुणाचा वाटला.

"नाही, चिमे. तो माझा आहे."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. ओठ हसत होते, डोळे हसत नव्हते. थोरलीनं ती नजर ओळखली. मोरीतल्या आरशात महिनाभर रोज बघितलेली. तिला एक क्षण बरं वाटलं, साखर खाल्ल्यासारखं, आणि दुसऱ्याच क्षणाला त्या बरं वाटण्याची लाज वाटली. देवा, तिनं मनात म्हटलं, ही फिट्टंफाट मी मागितली नव्हती.

"तुझं पुस्तक लोकांना आवडेल," ती म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं. "मिशा छान आहेत. आई हसली बघ."

"मिशांनी कुणी घाबरत नाही गं," धाकटी म्हणाली. तिनं पिशवी उचलली. चप्पल घालताना पाठमोरीच म्हणाली, "मलाही वाटायचं, तू आठ वर्षं रोज लिहितेस आणि मी काय एकदा गप्पा मारल्या. बाईंच्या ऑफिसात जाताना मला अजून दारातूनच परत फिरावंसं वाटतं. तुला वाटतं तसं काही सोपं नाही ते." मग मुलीला हाक मारली. मुलगी दारातून धावत आत आली तेव्हा धाकटीनं तिला चौकटीपासून बाजूला ओढलं, आणि आपण ओढलं हे लक्षात येऊन चटकन तिचा फ्रॉक नीट केल्यासारखं केलं.

*

दुसऱ्या दिवशी थोरलीनं मालकांकडे छपाईचे वाया गेलेले ताव मागितले, एकाच बाजूला छापलेले. मालक म्हणाले, ने की, कशाला हवेत? ती म्हणाली, नेमासाठी. काकांनी एक भुवई वर केली. तिनं ताव दुमडले, कापले, कोऱ्या बाजू वर ठेवून शिवले. घरी नेऊन ठेवले. सकाळी अंघोळ, हात जोडणं, आणि मग लिहायला बसली.

पहिलं वाक्य येईना. तासभर बसली. विहीर आली, तिनं तिला परत पाठवलं. वटवाघूळ आलं, तेही गेलं. जुना आवाज कानाशी होताच : भाषा स्वच्छ, पण भीती वाटत नाही. ती एक रेघ तुला चुकून सापडली, पुढे काय? वाकतंय ते कोण? कशाला वाकतंय? हे तुला ठाऊक नाही, आणि नसलेलं लिहिता येत नाही.

पण तिला ठाऊक होतं. तिनं पेन खाली ठेवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, त्या जुन्या रेघांकडे. कुणाची जागा घ्यायची असेल तर आधी त्याच्याएवढं व्हावं लागतं. इतके दिवस ती भिंतीशी वाकून दुसऱ्याचं पुस्तक वाचत होती, आणि तिला काय हवं होतं? ती गोष्ट आपली असावी, ते नाव आपलं असावं, त्या खुर्चीवर मांडी घालून आपण बसावं, आणि आईला फरक कळू नये. वाकणाऱ्याला नख नव्हतं, दात नव्हते. त्याला फक्त ती पोर व्हायचं होतं. इतक्या जवळून ओळखीचं भूत तिनं आजवर लिहिलं नव्हतं. तिनं लिहायला सुरुवात केली.

पान भरलं तरी ती उठली नाही. चहा झाकून ठेवलेला तसाच राहिला.

सतरा दिवस लागले. शेवट तिनं असा केला की चौकट घासून घासून कोरी झाल्यावर आई मुलीला पुन्हा मापाला उभी करते. मुलगी पाठमोरी उभी राहते, अगदी सरळ, नेहमीसारखी चुळबुळ न करता. आई डोक्यावर पट्टी धरते, रेघ मारते. माप बरोबर जुळतं. आई म्हणते, झालं, वळ आता. मुलगी वळत नाही. तिथंच थोरलीनं पेन ठेवलं. पुढे लिहावंसं तिला वाटलं नाही, खरं सांगायचं तर धीर झाला नाही.

प्रकाशकबाईंकडे ती या वेळी स्वतः गेली, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून. शिवलेलं बाड त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी कागद उलटून मागची छपाई बघितली, कुठल्यातरी औषधांची यादी होती, आणि विचारलं हे काय. थोरलीनं सांगितलं की एवढंच होतं घरात. सरबत तिनं घेतलं नाही. परत येताना तिला भीती वाटली की तेच चार शब्द पुन्हा पेन्सिलीनं येतील. वाटली, पण तिनं वाट वाकडी केली नाही. येतील तर येतील. उद्या सकाळचं पान तर उद्या सकाळी आहेच.

येताना तिनं एक नक्कल धाकटीच्या घरी दिली. दारातच दिली, आत गेली नाही. म्हणाली, घरात पहिली तू वाच.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, ती पान भरून नुकतीच उठली होती, फोन वाजला. धाकटी. आवाज बसलेला, रागावलेला.

"ताई, तुला पाप लागेल."

"का गं?"

"आमच्या दारावरच्या सगळ्या रेघा पुसल्या मी आज. दोन वर्षांच्या होत्या. आणि मघाशी तिची वेणी घालायला घेतली, ती पाठमोरी बसली, हलेना, तर मी इतकी ओरडले तिच्यावर, आधी माझ्याकडं बघ म्हणून. रडायला लागली पोर." मग धाकटीचा राग ओसरला. "मला कधी नाही जमणार हे," ती हळूच म्हणाली. "मी बसले होते काल. नाही जमलं."

थोरलीनं समजूत घालायला हवी होती, ती थोरली होती. पण खोटे शब्द तिला बोलायचे नव्हते.

"रविवारी ये," ती म्हणाली. "बसू दोघी. तू तुझं लिही, मी माझं."

"वरून बघणार नाहीस ना माझं?"

"नाही," थोरली म्हणाली, आणि तिच्याच लक्षात आलं की हीही एक प्रतिज्ञाच झाली. तिनं आईकडे पाहिलं. आई चहा गरम करायला उठली होती, आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत जाताना तिनं, कधी नव्हे ते, एकदा चौकटीकडे वर बघितलं.